तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक: आधार कुठे आणि किती

तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक म्हणजे कायम नेमणूक नसलेला, शिकवलेल्या तासांपुरते मानधन घेणारा महाविद्यालयीन शिक्षक. महाराष्ट्रात त्याला सर्रास 'सीएचबी' म्हणतात. घड्याळी तासाच्या हिशेबाने काम, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. वर्गात तो इतरांसारखाच शिकवतो. प्रश्नपत्रिका काढतो, उत्तरपत्रिका तपासतो, परीक्षेला पर्यवेक्षणाला उभा राहतो. विद्यार्थ्याला फरक कळत नाही. फरक कळतो तो महिनाअखेरीस, मे महिन्यात आणि दर जूनमध्ये नवी जाहिरात निघते तेव्हा.

याच्या शेजारी आणखी दोन प्रकार आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला 'व्हिजिटिंग'. बीएमएस, बी.एस्सी. आयटी, अकाउंटिंग अँड फायनान्स, मास मीडिया असे स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठात 1990 च्या दशकाच्या शेवटापासून फोफावले. तिथे शासनाचा पैसा नसतो. महाविद्यालय स्वतःच्या शुल्कातून, स्वतः ठरवलेल्या दराने बाहेरच्या शिक्षकांना तास देते. दुसरा प्रकार 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातल्या संलग्न प्राध्यापकाचा. उद्योग, व्यापार, शेती, कला अशा क्षेत्रांतली व्यक्ती विद्यापीठाशी जोडलेली असेल तोवर तिला हे पदनाम मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये आणलेला 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' याच जातीचा. त्याला निदान 15 वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची अट नाही आणि मुदत चार वर्षांपलीकडे जात नाही. असा मान्यवर पाहुणा स्वतःचा व्यवसाय सांभाळून येतो. सीएचबीची गोष्ट वेगळी. त्याचा व्यवसाय हाच असतो आणि या प्रकरणाचा विषयही तोच.

उदाहरण म्हणून एक गाव घेऊ. विरार स्थानकाच्या पश्चिमेला, बोळिंज ओलांडून आगाशीच्या वाटेवर लागणारे नंदाखाल हे वाड्यांचे, केळी-भाजीपाल्याचे आणि जुन्या चर्चचे गाव. वसई पट्ट्यातल्या या गावांत शिक्षकी पेशाला पहिल्यापासून मान आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच गावचे. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. गावाने मराठीला संमेलनाध्यक्ष दिला खरा, पण आज इथला कुणी मराठीत एम.ए. करून सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाला, तर त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा आठवड्याचे काही तास येतात. जवळपास महाविद्यालये कमी आहेत असे नाही. सत्पाळ्याला सेंट जोसेफ, विरारला विवा, वसई रोडला अण्णासाहेब वर्तक, वसईत संत गोन्सालो गार्सिया. सगळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न, सगळी रिक्षा-बस-लोकलच्या टप्प्यात. त्यामुळे सकाळचे तास एकीकडे आणि दुपारचे दुसरीकडे अशी जुळवाजुळव इथे करता येते. आतल्या जिल्ह्यांत पुढचे महाविद्यालय 40 किलोमीटरवर असते आणि तिथल्या सीएचबीला तेवढीही सोय नसते. या प्रवासाचे पैसे मात्र मानधनात धरलेले नसतात.

ही पद्धत आली ती तात्पुरती गरज म्हणून. एखादा प्राध्यापक निवृत्त झाला, पद भरायला वेळ लागणार, तोवर वर्ग रिकामा राहू नये, एवढाच हेतू. पण पदभरतीवर निर्बंध येत गेले आणि तात्पुरते कायमचे झाले. राज्य शासनाने 2018 च्या नोव्हेंबरात सहायक प्राध्यापकांच्या 3580 पदांना मान्यता दिली. त्यांतली काही भरली गेली तोच 2020 मध्ये कोविडमुळे भरती थांबली. उरलेल्या 2088 पदांचा मार्ग 2021 मध्ये मोकळा करण्यात आला. तोपर्यंत निवृत्त होणारे निवृत्त होतच होते. दरम्यान नेट-सेट होणारे आणि पीएच.डी. मिळवणारे दरवर्षी वाढत गेले. जागा थोड्या आणि पात्र माणसे भरपूर असली की तासाचा दर कोण ठरवणार, हे वेगळे सांगायला नको.

दराचा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे. पदवी वर्गाच्या एका तासाला राज्यात बरीच वर्षे 300 रुपये मिळत. 2018 मध्ये ते 500 झाले, 2021 मध्ये त्यात पाव भागाची भर पडून 625, आणि 2023 मध्ये पुन्हा वाढ होऊन आकडा हजाराच्या घरात गेला. प्रात्यक्षिकाचा दर याहून बराच कमी असतो. विज्ञान शाखेच्या सीएचबीची ही जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे, कारण प्रयोगशाळेत उभे राहण्याचे श्रम व्याख्यानापेक्षा कमी नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मात्र 28 जानेवारी 2019 च्या पत्रात अतिथी शिक्षकासाठी तासाला 1500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50 हजार असा दर सांगितला आहे.

हा 1500 चा आकडा उदार वाटतो. तो तपासून पाहता येतो. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये, म्हणजे वर्षाला 6,92,400. त्याने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे आणि वर्षात शिकवण्याचे दिवस 180, म्हणजे सहा दिवसांचे 30 आठवडे. एकूण तास 480. भागाकार केला की तासाला सुमारे 1442 रुपये येतात. म्हणजे अनुदान आयोगाचा दर कायम शिक्षकाच्या निव्वळ मूळ वेतनाला जेमतेम टेकतो. महागाई भत्ता, घरभाडे, रजा, भविष्यनिर्वाह निधी, वेतनवाढ हे सारे त्याच्या बाहेर. राज्याचा दर त्याहूनही खाली. शिवाय एका रिक्त पदाचा कार्यभार सर्वसाधारणपणे दोघांत वाटला जातो. एकाला आठवड्याला साधारण नऊ तास मिळाले, तर हजाराच्या दरानेही 30 आठवड्यांचे होतात 2,70,000 रुपये आणि त्यावर बारा महिने काढायचे. दिवाळीची आणि मेची सुटी त्यात मोजली जात नाही.

दुसरी मेख मिनिटांची. महाविद्यालयाचे व्याख्यान बहुधा 48 मिनिटांचे असते आणि मानधन 60 मिनिटांच्या तासावर. तसा हिशेब धरला की पाच व्याख्यानांचे चार तास होतात. नव्या माणसाला ही वजाबाकी पहिले बिल हातात आल्यावर समजते.

ते बिल बनते असे. शिक्षकाने तास घेतला की नोंदवहीत तारीख, वर्ग, विषय, वेळ आणि शिकवलेला भाग लिहून सही करायची. महिनाअखेर त्यावर विभागप्रमुखाची आणि मग प्राचार्यांची सही. कार्यालयातला लिपिक ती नोंद वेळापत्रकाशी ताडून पाहतो. एखाद्या दिवशी वर्ग क्रीडा स्पर्धेला गेला असेल, विद्यापीठाची परीक्षा लागली असेल किंवा पावसात लोकल बंद पडून कुणीच पोचले नसेल, तर तो तास कापला जातो. अनुदानित पदावरचे बिल पुढे उच्च शिक्षण सहसंचालकांकडे जाते. वसईच्या महाविद्यालयांसाठी हे कार्यालय पनवेलला. वसई रोडहून दिव्यामार्गे जाणारी मेमू पकडून लिपिकाला किंवा स्वतः शिक्षकालाच तिकडे खेपा घालाव्या लागतात. त्रुटी निघाली की बिल परत. मान्यता मिळाली, तरी तरतूद आल्याशिवाय पैसे निघत नाहीत. मानधन दरमहा द्यावे अशा सूचना शासनाच्याच आहेत, तरीही सत्र संपल्यावर एकगठ्ठा रक्कम मिळण्याचा अनुभव राज्यभर सार्वत्रिक आहे. दरवाढीच्या बातम्या मोठ्या होतात. वेळेवर पैसे मिळण्याची बातमी होत नाही, पण घर चालवणाऱ्याला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची असते.

म्हणून या शिक्षकाचे पहिले साधन म्हणजे त्याची स्वतःची कागदपत्रे. नेमणूक पत्र, त्यावरचा जावक क्रमांक, निवड समितीने झालेल्या निवडीचा उल्लेख, विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र, नोंदवहीच्या पानांच्या प्रती, बँकेत जमा झालेल्या रकमा. कित्येकदा तास जूनमध्ये सुरू होतात आणि नेमणूक पत्र ऑगस्ट-सप्टेंबरात हातात पडते. मधल्या काळातले तास कागदावर कसे आणायचे, हा वाद मग वर्षभर पुरतो. पगाराची स्लिप नसल्याने घरकर्जाच्या वेळी अडते. तिथे प्राप्तिकराचे विवरणपत्रच कामाला येते. मानधनावर बऱ्याच संस्था व्यावसायिक शुल्क समजून 10 टक्के कर आधीच कापतात. उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. ते न भरता हे पैसे सोडून देणारे थोडे नाहीत.

अभ्यासाच्या साधनांची स्थिती त्या मानाने बरी आहे, फक्त ती विचारून घ्यावी लागतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'एन-लिस्ट' ही महाविद्यालयांसाठीची सेवा. सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि लाखाहून जास्त ई-पुस्तके तीत आहेत. महाविद्यालयाने वर्गणी भरलेली असेल, तर ग्रंथपाल प्रत्येक शिक्षकाच्या नावाने स्वतंत्र खाते उघडून देतो आणि ते घरून चालते. नंदाखालच्या घरात बसून कालिन्याच्या विद्यापीठ ग्रंथालयाची फेरी वाचते. सीएचबीचे नाव ग्रंथपालाच्या यादीत आपोआप जात नाही, एवढेच. शोधगंगा हा प्रबंधांचा संग्रह, ई-पीजी पाठशाला आणि खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर सगळ्यांनाच खुले आहे. 2025 च्या जानेवारीपासून सुरू झालेली 'एक देश, एक वर्गणी' ही केंद्राची योजना सरकारी संस्थांसाठी असल्याने खासगी संस्थांच्या महाविद्यालयांना तिचा थेट लाभ नाही.

प्रशिक्षणाचे दारही अर्धे उघडे आहे. पूर्वीची अकॅडमिक स्टाफ कॉलेजे पुढे मनुष्यबळ विकास केंद्रे झाली आणि 2023 पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे. उद्बोधन आणि उजळणी वर्गांच्या नियमांत कंत्राटी आणि अर्धवेळ शिक्षकांनाही जागा ठेवलेली आहे, अट सर्वसाधारणपणे तीन शैक्षणिक सत्रांच्या अध्यापनाची. अडचण येते ती दुसरीकडून. वर्गाला बसायचे म्हणजे ते दिवस तास घेता येत नाहीत. कायम शिक्षकाला त्या काळात कर्तव्यरजा मिळते, तर सीएचबीचे मानधन बुडते. आठ दिवसांचे ऑनलाइन कार्यक्रम आल्यापासून ही कोंडी थोडी सैल झाली आहे. स्वयम् या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रमही त्याच कारणाने सोयीचे पडतात.

संशोधनात मात्र दार जवळपास बंद आहे. पीएच.डी.चा मार्गदर्शक कायम अध्यापकच असावा, असे 2022 चे आयोगाचे नियम सांगतात. त्यामुळे स्वतः डॉक्टरेट असलेला, दहा वर्षे शिकवणारा सीएचबी विद्यार्थी घेऊ शकत नाही. विद्यापीठ कायद्याच्या व्याख्येत 'अध्यापक' म्हणजे पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त. साहजिकच अधिसभेच्या अध्यापक मतदारसंघातही त्याला मत नाही. नॅकच्या मूल्यांकनातही पूर्णवेळ शिक्षकच मोजतात. परीक्षा आल्या की मात्र मोजदाद बदलते. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला, निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना जावे लागले. अशा वेळी तपासनीस कमी पडतात तेव्हा कायम-तात्पुरता हा भेद कुणी फारसा पाहत नाही.

सामाजिक सुरक्षेच्या कायद्यांत काही गोष्टी या शिक्षकाच्या बाजूने आहेत आणि त्या कमी लोकांना ठाऊक असतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा 'कर्मचारी' या शब्दात तात्पुरत्या, तदर्थ आणि रोजंदारीवरच्या व्यक्तीलाही धरतो. म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे जाण्याचा सीएचबी शिक्षिकेचा हक्क कायम प्राध्यापिकेइतकाच आहे. प्रसूती लाभाच्या कायद्यात आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम, ही अट आहे आणि कायदा लागू असलेल्या ठिकाणी नेमणूक कायम असण्याची गरज नाही. रोजंदारीवरच्या महिलांनाही हा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितले होते. आठवड्याला तीन दिवस तास असतील, तर 30 आठवड्यांत 90 दिवस भरतात. दोनच दिवस असतील, तर 60 वर गाडी अडते. वेळापत्रकात तास किती दिवसांत विखुरले आहेत याला असे अनपेक्षित महत्त्व येते.

उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे, तसे नव्हते. शिक्षकांना उपदान देणारी 2009 ची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये उचलून धरली. पण मुदतीच्या नेमणुकीलाही 2025 पर्यंत सलग पाच वर्षांची सेवा लागे, आणि दरवर्षी खंड देऊन नव्याने नेमल्या जाणाऱ्या माणसाला ती दाखवणे अवघड होते. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा शिक्षणसंस्थांना 1982 पासून लागू आहे आणि कंत्राटी कर्मचारी म्हणून कुणाला वगळण्याची मुभा तो देत नाही. मानधन 'शुल्क' म्हणून दाखवले की हा प्रश्न कागदावरून नाहीसा होतो, ही त्यातली पळवाट.

दाद मागायची तर वाटा अनेक, पण प्रत्येक वाट थोडी आखूड. कामगार न्यायालय नाही, कारण शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा 'कामगार' नव्हे, असा निवाडा 1988 मध्ये झाला आहे. गोव्यातल्या एका शिक्षिकेचे ते प्रकरण. विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे, आणि सेवा संपवल्यास विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. मात्र नेमणूक पत्रातच 'सत्र संपल्यावर सेवा आपोआप संपुष्टात येईल' असे वाक्य असले की सेवा संपवली कुणी, हाच प्रश्न उभा राहतो. कायम करून घेण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालाशी येऊन थांबते. मंजूर पदावर रीतसर निवड झालेली नसेल, तर केवळ वर्षे भरली म्हणून कायम करता येत नाही, असे तो निकाल सांगतो. वेतनाच्या बाबतीत न्यायालयाचा सूर वेगळा आहे. पंजाबच्या जगजित सिंग प्रकरणात 2016 मध्ये समान कामाला तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही वेतनश्रेणीतले किमान वेतन मिळावे, हे तत्त्व आले. ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना त्याच न्यायालयाने तसे वेतन देवविले, आणि गुरूची महती सांगणारे श्लोक समारंभांत म्हणून भागणार नाही, असेही सुनावले. महाराष्ट्रातला सीएचबी या निकालांचा आधार घेऊ पाहतो तेव्हा समोरून उत्तर येते की त्याचे काम समान नाही, निम्मे आहे. एका पदाचे दोन तुकडे करण्याची किंमत इथे वसूल होते.

आयोगाच्या 2018 च्या नियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या 10 टक्क्यांपलीकडे नसाव्यात आणि त्यांचे वेतन कायम सहायक प्राध्यापकाच्या ढोबळ वेतनाहून कमी नसावे, असे स्पष्ट लिहिले आहे. शासन सीएचबीला 'कंत्राटी' न म्हणता 'तासिका तत्त्वावर' म्हणते, तेव्हा हे कलम बाजूला पडते. जानेवारी 2025 च्या नव्या मसुद्यात तर 10 टक्क्यांची मर्यादाच गाळलेली होती.

संघटनांचा इतिहासही दुपदरी आहे. मुंबईतील बुक्टू आणि राज्यपातळीवरील एमफुक्टो या जुन्या, लढाऊ संघटना. पण त्यांची बांधणी कायम शिक्षकांच्या वेतनश्रेणीभोवती झाली. सीएचबींच्या स्वतंत्र संघटना नंतर उभ्या राहिल्या आणि पुण्याच्या उच्च शिक्षण संचालनालयासमोरची उपोषणे ही त्यांची ओळख झाली. दरवाढीचे टप्पे आले ते याच आंदोलनांच्या मागोमाग. व्हिजिटिंग शिक्षकांना मात्र अशी संघटना जवळपास नाहीच, कारण त्यांचा दर शासन नव्हे, प्रत्येक संस्था ठरवते.

परदेशांतही हा वर्ग आहे आणि अमेरिकेत तर कायम प्राध्यापकांहून मोठा आहे. तिथल्या काही विद्यापीठांनी अर्धवेळ शिक्षकांसाठी स्वतंत्र कक्ष, बसायला सामायिक खोली, ग्रंथालय ओळखपत्र आणि छोटी प्रवास अनुदाने सुरू केली. त्यांचा उपयोग आहे, पण दोन ठिकाणी याहून मूलगामी पाऊल पडले. कॅनडातल्या व्हँकुव्हर कम्युनिटी कॉलेजात ठरावीक काळ ठरावीक कार्यभार सांभाळलेला शिक्षक करारानेच नियमित होतो आणि अर्धवेळ शिक्षकही त्याच वेतनश्रेणीत तासांच्या प्रमाणात पगार घेतो. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने 2022 मध्ये आपल्या हजारो सहयोगी व्याख्यात्यांना मुदतीच्या करारांवरून कायम करारांवर आणले. निम्म्या कामाला निम्मे वेतन, पण त्याच श्रेणीतले आणि बारा महिन्यांचे, ही कल्पना महाराष्ट्राच्या हिशेबात बसवायची तर मूळ वेतनाचा निम्मा भाग होतो महिना 28,850 रुपये. हजाराच्या दराने मिळणाऱ्या वार्षिक 2,70,000 ला बाराने भागले की येतात 22,500. दोन आकड्यांतले अंतर वाटते तेवढे मोठे नाही. भत्ते, रजा आणि सेवेची सलगता मिळवली की ते वाढते आणि घोडे तिथेच अडते.

शेवटचा प्रश्न अनुभवाचा. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवारांची छाननी होते तेव्हा 2018 च्या नियमांनुसार अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला 2 गुण मिळतात, कमाल 10. वर्षाहून कमी काळाचे गुण त्या प्रमाणात घटतात. त्यामुळे प्रमाणपत्रावर 'दोन वर्षे काम केले' एवढे मोघम वाक्य पुरत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या विषयाला, आठवड्याला किती तास आणि विद्यापीठाची मान्यता कोणत्या पत्राने, हे सारे त्यात यावे लागते. नोकरी लागल्यानंतर मात्र हीच वर्षे पदोन्नतीसाठी धरताना आणखी एक अट पुढे येते. तात्पुरत्या सेवेतले वेतन कायम सहायक प्राध्यापकाच्या ढोबळ वेतनाहून कमी नसावे. तासिका तत्त्वावर ही अट पूर्ण होणे शक्यच नसते. म्हणून नंदाखालचा एखादा शिक्षक चाळिशीत कायम झाला, तर त्याच्या सेवापुस्तकात पहिले वर्ष त्या दिवसापासून सुरू होते आणि निवृत्तिवेतनाच्या नव्या अंशदायी योजनेतले त्याचे खातेही त्याच महिन्यात उघडते.